विचारायचं नाही

आशाबाईच्या तोंडात दोन वर्षं एकच वाक्य होतं. "दुखतंय का गं?" सकाळी उठल्यावर हेच, चहा देताना हेच, साडीला पिको करता करता मशीन थांबवून मान वळवायची ती हेच विचारायला. पोरीला बाथरूममधून यायला जरा उशीर झाला की दाराशी जाऊन उभी, आणि पुन्हा तेच. तिला दुसरं काही बोलताच येत नव्हतं असं नाही, पण दुसरं सुचायलाच कुठं जागा उरली होती?

सोनिया नववीत असताना शाळेच्या मैदानात खो-खो खेळताना पडली. घोट्याच्या हाडाला चीर गेली. प्लास्टर घातलं, प्लास्टर काढलं, हाड जुळलं, आणि दुखणं मात्र ठाण मांडून बसलं. पायाला चादर लागली तरी आग आग व्हायची. एक्स-रे झाले, एमआरआय झाला, सगळे रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आले की लोक पेढे वाटतात. या घरात त्या रिपोर्टनी वाट लावली. हाडांच्या डॉक्टरनं फाइल मिटली आणि म्हणाला, "काही नाही, मनातून काढून टाका." शाळेतल्या बाई म्हणाल्या, परीक्षा आली की बरा पाय दुखतो. गंगापूरचे चुलतभाऊ तर तोंडावर म्हणाले, "नाटक करती." सोनिया प्रत्येकाचं ऐकून घ्यायची आणि मग आईकडं बघायची. आशाबाई म्हणायची, "लोकांचं सोड. मला ठावं हाय ना, दुखतंय म्हणून." तेवढ्या एका वाक्यावर पोरगी तग धरून होती. हे आशाबाईलाही कळत होतं, म्हणून तर ती इतक्यांदा विचारायची.

मग फिरत फिरत एक दुखण्याचेच डॉक्टर भेटले. त्यांनी पहिल्यांदा म्हटलं की पोरगी खरं सांगते. दाराची बेल अडकावी, बाहेर कुणी नसताना वाजत राहावी, तसं तिच्या नसांचं झालंय, म्हणाले. औषधानं थोडं होईल, बाकी शिकून घ्यावं लागेल. पुण्याच्या एका मॅडम अशा पोरांना व्हिडिओवर शिकवतात, आठवड्याला एकदा पोराशी बोलतात, एकदा आईबापाशी. इथं पुंडलिकनगरात घरबसल्या होईल. आशाबाईला वाटलं, चला, निदान रिक्षात पाय वाकडा करून बसायचं तरी वाचलं.

सोनियाचा दिवस बुधवार. आईबापाचा शनिवार. आता बाप म्हणजे गोकुळ. तो वाळूजला कंपनीत, आणि त्याच्या शिफ्टला शनिवार-रविवार काही कळत नाही. तेव्हा शनिवारी दुपारी आशाबाई एकटीच स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याला फोन टेकवून, डोक्यावर पदर घेऊन बसायची. समोर मॅडम. वयानं सोनियाच्या मोठ्या बहिणीएवढ्या, चष्मा, आवाज एकदम मऊ.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मॅडमनी ते सांगितलं.

"ताई, तुम्ही तिला दिवसातून पुष्कळदा विचारता ना, दुखतंय का म्हणून?"

"विचारते की. आई हाय मी."

"बरोबर आहे. पण होतं काय, आपण विचारलं की तिचं सगळं लक्ष पुन्हा पायाकडं जातं. लक्ष गेलं की दुखणं वाढतं. तर काही दिवस आपण ते विचारायचं थांबवू या."

मॅडम पुढंही बोलल्या. म्हणाल्या, तिच्याशी दुसरं बोला, गाणी, मैत्रिणी, काहीबाही. तिनं आपणहून सांगितलं तर नीट ऐका, जवळ बसा. आणि असं का करतोय हे तिला आधी सांगून टाका, म्हणजे तिचा गैरसमज होणार नाही. हे सगळं त्यांनी सांगितलं, त्यांची काही चूक नाही. पण आशाबाई पहिल्याच वाक्याला अडकली होती. म्हणजे मी विचारलं म्हणून वाढलं. म्हणजे दोन वर्षं माझ्याच जिभेनं पोरीच्या पायात आग लावली. "हो मॅडम, हो मॅडम," ती म्हणत राहिली. फोन बंद झाल्यावर कितीतरी वेळ ती तांदळाच्या डब्याकडं बघत बसली.

पोरीला आधी सांगायचं होतं. पण काय सांगणार? बाळा, तुझं दुखणं तुझ्या आईनं वाढवलं? ते काही तिच्या तोंडून निघालं नाही. तिनं ठरवलं, सांगण्यात काय हाय, करून दाखवू. आजपासून तोंडाला कुलूप.

आणि एकदा ठरवलं म्हणजे आशाबाई अर्धं काम करत नाही. तिनं त्याच दिवशी गंगापूरला जावेला फोन लावला. थोरले दीर आप्पासाहेब आणि जाऊ रत्नमाला. रत्नमालेला सांगितलं म्हणजे अख्ख्या भावकीला सांगितलं, वेगळी दवंडी लागत नाही.

"अक्का, पोरीला आता पायाचं कुणी विचारायचं नाय बघा. डॉक्टरीनबाईनं सांगितलंय. विचारलं की वाढतं."

मग रत्नमाला म्हणाली, "आमच्या विचारण्यानं वाढतं व्हय?"

"तसं नाय हो अक्का. मी पन नाय विचारत आता."

"बरं बाई. नाय विचारत."

इथंच सगळं फिसकटलं. बाहेरच्या माणसाला यात वावगं काही वाटायचं नाही, पण या भावकीत विचारपूस म्हणजे खेळ नाही. कुणी आजारी पडलं की जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, बिस्किटाचे पुडे घेऊन, विचारायला जायचं. विचारायला कोण आलं आणि कोण नाही हे लग्नाच्या पंगतीत बसल्यावरसुद्धा आठवतं. विचारणं बंद म्हणजे अबोला. आणि अबोला धरलेल्या घरी पाणी प्यायलाही कुणी जात नाही. आप्पासाहेब रोज सकाळी फोन करायचे, "काय म्हणतोय आमच्या सोनीचा पाय?" आणि मग पाऊसपाणी, कपाशी, ऊस, सगळं निघायचं. दुसऱ्या दिवशी तो फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दर पंधरवड्याला कुणीतरी शहरात बाजाराला आलं की घरी डोकवायचं, तेही बंद. विचारायचंच नाही तर येऊन बोलायचं काय, आणि नुसतं तोंड बघून उठलं तर ते बरं दिसतं का? त्यांच्या जागी आशाबाई असती तर तिनंही हेच केलं असतं.

गोकुळला सांगितलं तर तो "बरं" म्हणाला. तो मुळातच मितभाषी. त्याच्या दोन शब्दांतला एक "दुखतंय का" होता, तो गेल्यावर राहिलं काय? कंपनीतून यायचा, जेवायचा, पोरीच्या दाराशी क्षणभर थांबायचा आणि चप्पल सरळ करून ठेवायचा. सरळच असायची ती.

घर असं गप्प झालं की भिंतीवरच्या घड्याळाचीसुद्धा चीड यावी. आशाबाईनं दुसरं बोलायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. "भाजी काय करू गं?" "काहीपण." "गाणं लाव की एखादं." "लावते नंतर." मैत्रिणींचं विचारावं तर मैत्रिणी कधीच्या गळून गेल्या होत्या. दोन वर्षं माय-लेकी त्या एका पायाबद्दलच बोलत होत्या. तो पाय काढून घेतल्यावर दोघींच्या मधे काय उरलंय ते आशाबाईला पहिल्यांदा दिसलं आणि तिला भीती वाटली.

संध्याकाळी ती पोरीच्या पायाला तेल लावायची. हळू, पिसानं लावल्यासारखं. पण हात लावला की तोंडातून निघायचंच, इथं का? इथं? जीभ आवरणं तिच्या हातात नव्हतं, म्हणून तिनं हातच आवरला. पहिल्या संध्याकाळी सोनिया पाय पुढं करून बसली होती. आशाबाई म्हणाली, "आज जरा काम हाय," आणि मशीनवर जाऊन बसली. कुणाचा पिको नव्हता त्या दिवशी. तिनं जुन्या साडीचा काठ उसवला आणि पुन्हा शिवला. बाटली फळीवर गेली ती तिथंच राहिली. सोनियानं परत कधी पाय पुढं केला नाही.

पण माणूस किती दाबणार हो? आतला प्रश्न कुठंतरी बाहेर पडणारच. आशाबाई जो दिसेल त्याला विचारत सुटली. मेथी विकणारीला, "मावशी, कंबर कशी हाय?" पिकोला आलेल्या शिक्षिकेला, "मॅडम, मान अवघडली का तुमची?" गॅसची टाकी आणणाऱ्याला, "खांदा दुखतो का रे बाबा?" तो बिचारा म्हणाला, "नहीं भाभी, आदत है," आणि हसून गेला. लोकांना वाटायचं किती मायाळू बाई. ती घरी येऊन दार लावायची आणि तिथंच जरा वेळ उभी राहायची. स्वतःच्या घरात तिला पाहुण्यासारखं वाटायला लागलं होतं.

आणि मजा बघा, उपाय लागू पडत होता. मॅडमनी सोनियाला चालायचं शिकवलं होतं. दुखणं थांबायची वाट बघायची नाही, रोज थोडं थोडं वाढवायचं, दुखलं तर थांबून श्वास घ्यायचा आणि पुन्हा निघायचं. पोरगी आधी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मग दूधडेअरीपर्यंत. मग एकटीच गजानन महाराज मंदिराच्या चौकापर्यंत जायला लागली. आशाबाई खिडकीतून बघायची, हात जोडायची, आणि ती परत आली की घाईघाईनं पोळपाट पुढं ओढायची. सोनिया दारात घामाघूम उभी. क्षणभर आईकडं बघायची. आशाबाई कणकेकडं बघायची. मग पोरगी आत जायची.

एका सकाळी आशाबाई दोऱ्याची रिळं आणायला निघाली होती. मंदिराच्या चौकात गर्दी, आणि त्या गर्दीत तिला सोनिया दिसली. बंद दुकानाच्या शटरला एक हात लावून उभी. उजवा पाय अधांतरी. तोंड पांढरं पडलेलं, डोळे अर्धे मिटलेले, ओठ दाताखाली. आशाबाईचे पाय आपोआप धावले. दहा पावलांवर आली असेल नसेल, आणि थबकली. आता गेले तर विचारीन. विचारलं तर वाढेल. इथवर आलीय पोरगी, मीच पुन्हा मागं ओढीन. बाजूला एक रिक्षा उभी होती. तिच्या मागं जाऊन उभी राहिली बाई, पदर तोंडात कोंबून. रिक्षावाला म्हणाला, "कहाँ जाना है?" तिनं नुसती मान हलवली. बऱ्याच वेळानं तिनं हळूच पाहिलं तर शटरपाशी कुणी नव्हतं. पोरगी लंगडत, एकटीच, घराकडं निघाली होती. तिच्या मागं पुष्कळ अंतर ठेवून आशाबाई चालत राहिली, आणि रडत राहिली. रिळं आणायची राहून गेली.

मॅडमना काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी सांगितलं, या रविवारी तिघंही एकत्र बसा, मला सगळ्यांशी एकदम बोलायचंय. गोकुळला त्या दिवशीही ड्यूटी. मग तो कंपनीच्या कँटीनमधून फोनवर, आशाबाई स्वयंपाकघरात तिच्या फोनवर, आणि सोनिया आतल्या खोलीत तिच्या. एकाच घरातली तीन माणसं तीन चौकोनांत बसली. गोकुळचा चौकोन पाचच मिनिटांत अडकला, तोंड उघडं तसंच राहिलं, नुसता ताटल्यांचा आवाज येत होता. सोनियाच्या कानात इअरफोन होते. तिचा आवाज आशाबाईला आधी मधल्या भिंतीतून ऐकू यायचा आणि मग फोनमधून. दोनदा दोनदा तेच. मॅडम म्हणाल्या, "आवाज घुमतोय, ताई, तुमचा माइक जरा बंद करा." आशाबाईनं एक बटण दाबलं.

"सोनिया, आधी चांगलं काय झालं ते सांग."

"मी मंदिरापर्यंत जाते आता. रोज."

"शाब्बास! आणि जास्त दुखलं तर काय करतेस?"

"थांबते. श्वास घेते. परत चालते."

"कुणाला सांगतेस का?"

"नाही."

"आईला?"

मग सोनिया बोलली. आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं तिनं.

"आईला आता खरं वाटत नाही. आधी वाटायचं. सगळे नाटक म्हणायचे तेव्हा ती एकटीच सारखी विचारायची. मग तिनं पण सोडलं. तेल लावायचं पण सोडलं. गंगापूरचे पण कुणी फोन करत नाहीत. मला वाटतं त्यांनी मिळून ठरवलंय." मग परत थांबून म्हणाली, "चौकात माझा पाय उचलत नव्हता. तेव्हा ती आली होती. मला दिसली ना. ती रिक्षाच्या मागं लपली. मला सोबत घ्यायची लाज वाटली असेल. ठीक आहे मॅडम, मला सवय झाली. एकटीला जमतं मला."

हे भिंतीतून ऐकू आलं आणि मग फोनमधून पुन्हा एकदा, जसंच्या तसं. आशाबाईला दोन्ही वेळा ऐकावं लागलं.

"ताई," मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

आणि आशाबाई बोलली. दोन वर्षांचं आणि या दोन महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. "लाज न्हाई गं बाळा, भ्या वाटलं मला. माझ्या विचारण्यानं वाढतं म्हणाल्या, म्हणून जीभ चावून बसले. मला पहिल्यापासून खरं वाटतं. जग नाटक म्हनू दे, मला खरं वाटतं. रिक्षामागं कशी उभी राहिले ते माझं मला ठावं. तुझ्यामागं घरापातुर चालत आले मी. तू वळली असती तर दिसले असते." ती बोलत होती, नाक पुसत होती, पुन्हा बोलत होती. इतकं ती आयुष्यात सलग कधी बोलली नसेल.

मॅडम तिच्याकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, तुमचा आवाज बंदच आहे. काहीच ऐकू आलं नाही."

सोनियाच्या चौकोनात सोनिया खाली मान घालून बसली होती. तिच्या कानात इअरफोन, म्हणून भिंतीतूनही काही पोचलं नव्हतं.

आता तेच पुन्हा कसं बोलायचं? पुन्हा तसं निघत नसतं. आशाबाईनं बटण शोधलं, ओल्या बोटानं ते दाबलं जाईना. तिनं फोन तिथंच डब्यापाशी ठेवला आणि उठली. स्वयंपाकघरातून आतल्या खोलीपर्यंत जायला किती वेळ लागतो? पण तिला ती खोली गंगापूरपेक्षा लांब वाटली.

सोनिया पलंगावर मधोमध बसली होती. फोन उशीला टेकवलेला. उजवा पाय चादरीबाहेर काढून ठेवलेला, घोटा लालसर, बोटं आत वळलेली आणि आवळून आवळून पांढरी पडलेली. आई दारात आलेली तिला कळलं. तिनं एक इअरफोन काढला, पण वर बघितलं नाही.

आशाबाईला वाटलं होतं, समोर गेल्यावर सगळं सांगू. पण तोंड उघडलं तर तेच वाक्य निघालं.

"दुखतंय का गं?"

"नाही," सोनिया म्हणाली.

हा शब्द ऐकायला आशाबाई किती तरसली होती. भद्रा मारुतीला त्यासाठी नवस बोलली होती. आणि आज तो आला तर असा, तोंडावर दार लावून घ्यावं तसा. आशाबाईनं पोरीच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग त्या आवळलेल्या बोटांकडं बघितलं.

"खोटं बोलतीस," ती म्हणाली.

सोनियानं झटकन मान वर केली. डॉक्टरांपासून चुलतभावांपर्यंत सगळ्यांनी तिला हे ऐकवलं होतं. आईनं कधी नाही.

"खोटं बोलतीस तू. दुखतंय तुला. लई दुखतंय. दिसतंय मला."

उशीवरच्या फोनमधून मॅडम विचारत होत्या, "सोनिया? आई आल्या का तिकडं?" सोनियानं तिकडं बघितलंच नाही.

"लई," ती म्हणाली. मग तिनं दोन्ही हातांनी तो पाय उचलला, हळूहळू भिंतीकडं सरकवला, आणि पलंगावर आईला बसायला जागा केली.